कुत्र्याला कोंडण्याचा इतिहास

गेल्या वर्षी नवरात्र संपता संपता पुण्याहून पुतण्याचा फोन आला. घरात तीन महिन्यांचे लॅब्रॅडोरचे पिल्लू आणले होते. नवरा-बायको दोघेही नोकरीला. पिल्लाने एक मोबाइलची वायर चावून तोडली होती, सोफ्याचा कोपरा कुरतडला होता आणि घरभर ओले करून ठेवले होते. प्रशिक्षकाने सांगितले, लोखंडी जाळीचा पिंजरा घ्या, ‘क्रेट’ म्हणतात त्याला. माझ्या वहिनी तेव्हा तिकडेच मुक्कामाला होत्या. त्यांनी पिंजऱ्याचे चित्र पाहिले आणि म्हणाल्या, “अरे, कुत्रं पाळलंय का कोंबडी?” घरात दोन तट पडले. तेव्हा पुतण्याने मला विचारले, “काका, तुम्ही जुनंपानं वाचत असता. कुत्र्याला असं पिंजऱ्यात ठेवायची पद्धत पूर्वी होती का हो?”

मी बँकेतली कारकुनी करून उरलेल्या वेळात वाचणारा माणूस. विद्यापीठाचा शिक्का माझ्यावर नाही. “छे, आपल्याकडे कसली पद्धत!” असे मी त्याला तडकाफडकी सांगून टाकले. नंतर वाटले, उत्तर फार घाईत दिले. मग वर्षभर या एका प्रश्नाच्या मागे लागलो. हाती आले ते वाचकांसमोर ठेवतो आहे.

वाघरीच्या बाहेरचा जीव

वहिनींच्या बोलण्यात एक खूण होती. मराठी बोलीत जवळजवळ प्रत्येक पाळीव जिवाच्या निवाऱ्याला शब्द आहे. गाईम्हशींना गोठा, घोड्यांना पागा आणि तबेला, कोंबड्यांना खुराडे, पोपटाला पिंजरा. मोकाट गुरांनासुद्धा कोंडवाडा. कुत्र्याला मात्र असा रुळलेला शब्द नाही. ‘श्वानगृह’ हा सरकारी फलकावरचा शब्द. तो कोणाच्या आजीच्या तोंडून ऐकू येणार नाही. कुत्रा ओसरीवर, उंबऱ्याशी, चुलीच्या उबेला, खळ्यावर, नाहीतर रस्त्यावर. धनगर रात्री मेंढ्यांभोवती वाघर लावतात, म्हणजे जाळीचे कुंपण. मेंढ्या वाघरीच्या आत आणि कुत्रा बाहेर. ज्याच्याकडे राखणीचे काम, त्याला आत कोंडून कसे चालेल? दत्ताच्या तसबिरीतले चार कुत्रेही पायाशी मोकळे उभे असतात.

म्हणून आपल्याकडे कुत्रा बांधतच नसत असे मात्र नाही. साखळी होती, खुंटा होता. पण कुत्रा बंद दाराआड ठेवण्याची रीत पाहायची तर बरेच मागे आणि बरेच दूर, थेट रोमपर्यंत जावे लागते.

दिवसा कोंडा, रात्री सोडा

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोममध्ये केटो नावाचा एक करारी मुत्सद्दी होऊन गेला. शेती कशी करावी यावर त्याने लिहिलेला ग्रंथ आजही उपलब्ध आहे. त्यात कुत्र्यांविषयी एक छोटासा सल्ला आहे : त्यांना दिवसा कोंडून ठेवावे, म्हणजे रात्री ते अधिक तिखट आणि जागरूक राहतात. कुत्रे कोंडण्याविषयीचा याहून जुना लेखी सल्ला निदान माझ्या वाचनात आला नाही. त्यात कुत्र्याच्या सुखाचा विचार नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. दिवसा कोंडायचे ते रात्री सोडण्यासाठी. कोंडण्याला मुदत होती आणि मुदतीनंतर काम होते.

पुढे तीनेकशे वर्षांनी एरियन नावाच्या ग्रीक लेखकाने शिकारी कुत्र्यांवर एक पुस्तिका लिहिली. सिकंदराच्या स्वारीचा इतिहास लिहिणारा तो हाच. स्वतःच्या लाडक्या कुत्रीचे गुण सांगताना तो हात आखडता घेत नाही. कुत्र्याला मऊ, उबदार अंथरूण असावे. पण सर्वांत उत्तम म्हणजे त्याने माणसाजवळ झोपावे, असे त्याचे मत. म्हणजे आज माझ्या पुतण्याच्या घरात जो वाद चालला आहे, त्याचे दोन्ही पक्ष अठराशे वर्षांपूर्वीच मांडून झाले होते.

या दोन मतांच्या मधल्या काळातला एक पुरावा पॉम्पेईत सापडला. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक होऊन हे शहर राखेखाली गाडले गेले. राखेत देह कुजून गेले, पण त्यांच्या आकाराच्या पोकळ्या उरल्या. १८६३ पासून फिओरेल्ली या उत्खननकर्त्याने त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून मृतांचे आकार बाहेर काढायला सुरुवात केली. १८७४ मध्ये असाच एका कुत्र्याचा आकार मिळाला. पाय वर, मान मागे पिळवटलेली, गळ्यात पट्टा. घरातली माणसे निघून गेली. कुत्रा दाराशी साखळीला तसाच राहिला. राख वाढत गेली तसा तो तिच्यावर चढत गेला असावा आणि साखळी संपली तिथे थांबला. त्याचे छायाचित्र मी प्रथम पाहिले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. त्याचे कारण पुढे येईल.

कुत्र्यांसोबत झोपणारा मुलगा

मध्ययुगीन युरोपात शिकार हा राजेरजवाड्यांचा मोठा व्यवहार होता. फ्रान्समधला फ्वाचा काउंट गास्तों फेबुस याने १३८७ मध्ये शिकारीवरचा आपला ग्रंथ लिहायला घेतला. पुढच्या शतकाच्या आरंभी यॉर्कच्या ड्यूकने त्याचे इंग्रजी रूप केले. कुत्र्यांचे घर कसे असावे, याचे त्यातले वर्णन आजच्या कोणाही कुत्रे पाळणाऱ्याने वाचावे असे आहे.

घर सुमारे साठ फूट लांब आणि तीस फूट रुंद असावे. त्याला एक दार पुढे आणि एक मागे. मागच्या दाराबाहेर हिरवळ, जिच्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन पडेल, म्हणजे कुत्र्यांना हवे तेव्हा आत-बाहेर करता येईल. झोपण्याची जागा जमिनीपासून उंच, लाकडाची. कुत्र्यांना लघवीसाठी पेंढा गुंडाळलेले दगड ठेवावेत, इतका बारीक विचार. सकाळ-संध्याकाळ त्यांना बाहेर फिरवून आणावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एक मुलगा रात्रंदिवस त्या घरात कुत्र्यांसोबत राहील, कारण कुत्रे आपसात भांडले तर ती सोडवायला माणूस हवा.

तो मुलगा गरिबाघरचा असणार. त्याच्या वाट्याला कुत्र्यांच्या अंथरुणाशेजारचा पेंढा आला, यात कौतुक करण्यासारखे काही नाही. पण कुत्र्यांच्या बाजूने पाहिले तर ही कोंडण्याची सर्वांत शहाणी रीत होती : जागा मोठी, दाराबाहेर ऊन आणि आत माणूस.

पिंजऱ्याने वाचवलेले जीव

आता आपल्या मुंबईकडे येऊ. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईच्या फोर्ट भागात दंगल उसळली. कारण होते मोकाट कुत्रे. कंपनी सरकारने कुत्रे मारण्याची मोहीम उघडली होती आणि मारणाऱ्यांना बक्षीस मिळत असल्याने घराच्या दारातले कुत्रेही ओढून नेले जाऊ लागले. पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान. पारशी तरुण रस्त्यावर उतरले, बाजार बंद पडले, गोऱ्या सैनिकांची रसद अडली आणि शेवटी सैन्य आणावे लागले.

पुढे दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जिजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरापोळ उभी राहिली. या शब्दातच ‘पांजरा’ म्हणजे पिंजरा आहे. गोळ्या-लाठ्यांतून वाचवून जनावरे जिथे सुरक्षित बंद ठेवायची ती जागा. मारेकऱ्यापासून वाचवणारे बंद दार, हीदेखील पिंजऱ्याची एक बाजू आहे आणि ती खोटी नाही. पिंजऱ्याला सरसकट नावे ठेवणाऱ्यांनी, म्हणजे फोनवर मी स्वतः, ही बाजू आधी पाहायला हवी होती.

प्रदर्शन, आगगाडी आणि घर

एकोणिसाव्या शतकात कुत्र्याचे काम बदलू लागले. १८५९ मध्ये इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला कुत्र्यांचे पहिले मोठे प्रदर्शन भरले. १८७३ मध्ये तिथे केनेल क्लबची स्थापना झाली. १८९१ मध्ये चार्ल्स क्रफ्टने आपल्या नावाचे प्रदर्शन सुरू केले. राखण आणि शिकार करणारा कुत्रा आता पाहण्याची वस्तू झाला. शेकडो कुत्रे एका छपराखाली दिवसभर ठेवायचे म्हणजे प्रत्येकाला स्वतंत्र कप्पा हवा आणि गावोगाव न्यायचे म्हणजे उचलता येईल अशी पेटी हवी.

आगगाडीने हीच गरज सार्वत्रिक केली. आपल्या रेल्वेत गार्डाच्या डब्यातला ‘डॉग बॉक्स’ जुन्या प्रवाशांना आठवत असेल. अंधारी, लोखंडी, चाकांच्या खडखडाटात हादरणारी ती खोपटी. मालक पुढच्या डब्यात आणि कुत्रा मागे एकटा. ज्यांना पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे राखून घेणे परवडे, त्यांचा कुत्रा मात्र त्यांच्या पायाशी बसून जाई. भाड्याच्या फरकात एका जिवाची सोबत मोजली जात होती.

प्रवासाची पेटी घरात कायमची येऊन बसली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुख्यतः अमेरिकेत. घरातली सगळी माणसे दिवसभर बाहेर, घरात गालिचे, विजेच्या वायरी आणि कुत्रा तर कुटुंबातलाच. त्याला अंगणात बांधायचे नाही आणि घरात मोकळेही सोडवत नाही. या पेचातून तारेचा पिंजरा बैठकीच्या खोलीत आला. त्याच्यासोबत एक समर्थनही आले : कुत्रा लांडग्याचा वंशज, लांडगा गुहेत राहतो, म्हणून पिंजरा ही कुत्र्याची गुहाच.

हे समर्थन अर्धेच खरे आहे. लांडगी बीळ वापरते ती पिल्ले घालण्यासाठी. साधारण आठ-दहा आठवड्यांत पिल्ले बाहेर पडतात आणि पुढचे आयुष्य उघड्यावर काढतात. यासाठी लांडगा पाहायला जाण्याचीही गरज नाही. आपल्या गल्लीतली कुत्री वाळूच्या ढिगात किंवा पायरीखाली खड्डा करून विते आणि पिल्ले धावू लागली की त्या खड्ड्याकडे फिरकतही नाही. शिवाय बिळाला दार नसते आणि दाराला कडी नसते. खरे ते इतकेच की, कुत्र्याला अंगाला टेकेल असा आडोसा आवडतो आणि आपण झोपतो ती जागा घाण करणे तो शक्यतो टाळतो. पिल्लाला शिस्त लावण्यात पिंजऱ्याचा जो उपयोग होतो, तो या दुसऱ्या स्वभावामुळे.

प्रयोगशाळेतले तीन पिंजरे

कोंडल्याने कुत्र्याचे काय होते, हे मोजून पाहण्याचे काम विसाव्या शतकात झाले. त्यातली तीन उदाहरणे मला विसरता येत नाहीत.

पहिले लेनिनग्राडचे. २३ सप्टेंबर १९२४ रोजी नेवा नदीला मोठा पूर आला. पावलॉव्ह या शरीरशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतले कुत्रे पिंजऱ्यांत होते. पाणी चढत गेले आणि कुत्रे पिंजऱ्याच्या छताशी नाक लावून पोहत राहिले. पिंजऱ्यांची दारे खाली, पाण्यात बुडालेली. शेवटच्या क्षणी माणसे पोहोचली. त्यांनी कुत्र्यांना पाण्याखाली दाबून दारातून ओढून काढले. जीव वाचले, पण काही कुत्रे शिकवलेले सारे विसरून गेले होते. पुढे कित्येक दिवसांनी खोलीत नुसती पाण्याची धार सोडली तरी त्यांची घडी पुन्हा विस्कटे.

दुसरे कॅनडातल्या मॉन्ट्रियलचे. मॅकगिल विद्यापीठात थॉम्पसन आणि मेलझॅक यांनी स्कॉटिश टेरियर जातीची काही पिल्ले लहानपणापासून मोठी होईपर्यंत बंद पिंजऱ्यांत वाढवली. अन्नपाणी पुरेसे, पण बाहेरचे काही दिसणार नाही असे. १९५६-५७ च्या सुमारास प्रसिद्ध झालेले निष्कर्ष अस्वस्थ करणारे आहेत. बाहेर काढल्यावर ती कुत्री वेड्यासारखी धावत, डोके आपटून घेत, पेटत्या काडीला पुन्हा पुन्हा नाक लावत. दुखते म्हणजे नेमके काय होते आणि कशाने होते, हेच ती शिकली नव्हती. मेलझॅक पुढे वेदनेच्या अभ्यासातले जगप्रसिद्ध नाव झाले. अमेरिकेत बार हार्बर इथे स्कॉट आणि फुलर यांनी वर्षानुवर्षे निरीक्षणे करून १९६५ मध्ये दाखवून दिले की, साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाला माणसांची आणि जगाची ओळख होण्याचा असतो. तो हुकला तर भरून काढणे कठीण. आणि बहुतेक घरांत पिंजरा येतो तो नेमका याच वयाच्या शेवटाला.

तिसरे उदाहरण लायकाचे. मॉस्कोच्या रस्त्यावरून उचललेली ही कुत्री ३ नोव्हेंबर १९५७ रोजी ‘स्पुटनिक-२’ मधून अवकाशात गेली. त्याआधी तिला आणि तिच्या सोबतिणींना अधिकाधिक लहान पिंजऱ्यांत ठेवून सवय केली गेली, कधी सलग वीस-वीस दिवस. त्या काळात कुत्र्यांचे मलमूत्रसुद्धा अडे, तब्येत ढासळे. यानातल्या जागेत लायकाला उभे राहता येई, बसता येई. वळता येत नसे. उड्डाणापूर्वी याझदोव्स्की या शास्त्रज्ञाने तिला आपल्या घरी नेले आणि मुलांशी खेळू दिले. परत आणण्याची सोय त्या यानात नव्हतीच. ती काही दिवस जगली असे बरीच वर्षे सांगितले गेले. काही तासांतच उष्णतेने तिचा अंत झाला होता, हे २००२ मध्ये उघड झाले. या मोहिमेत काम केलेल्या गाझेन्को यांनी उतारवयात जाहीर खेद व्यक्त केला : या मोहिमेतून आम्ही जे शिकलो, ते त्या कुत्रीच्या मरणाचे मोल ठरावे इतके नव्हते.

माझ्या अंगणातली साखळी

पॉम्पेईचे छायाचित्र पाहून पुस्तक का मिटले, ते आता सांगतो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात पंचगंगेकाठच्या आमच्या गावात पाणी शिरले. रात्री मला एकच घाई : तीस वर्षे जमवलेली कागदपत्रे आणि जुने अंक माळ्यावर चढवायचे. चौदा गठ्ठे मी एकट्याने चढवले. पहाटे नाव आली, आम्ही निघालो. शंभर पावलांवर गेल्यावर शेजारचा मुलगा म्हणाला, “काका, खंड्या?”

खंड्या परसात साखळीला होता. तो मुलगा पाण्यात उतरला आणि मागे गेला. खंड्या धुण्याच्या दगडावर मागच्या पायांवर उभा होता, साखळी ताणलेली, पाणी छातीपर्यंत. तो ओरडतही नव्हता. मुलाने पट्टा सोडला आणि त्याला खांद्यावर टाकून आणले. खंड्या पुढे दोन वर्षे जगला. मी त्याला पुन्हा बांधला नाही. इतिहासाचे कागद वाचवणारा माणूस दाराशी बांधलेला जीव विसरला, हे लिहायला मला पाच-सहा वर्षे लागली.

मग पिंजरा घ्यावा की नाही?

या साऱ्यातून माझ्या हाती लागलेली गोष्ट साधी आहे. पिंजऱ्याचे माप आपण फुटांत आणि इंचांत विचारतो. ते तासांत विचारायला हवे. आणि दुसरा प्रश्न : दार लावल्यावर माणूस कुठे असतो? फेबुसच्या घरातला मुलगा आत झोपत होता. पॉम्पेईतला मालक निघून गेला होता. लोखंड आणि लाकूड त्यानंतरचे.

पिंजऱ्याचे फायदे खरे आहेत. पिल्लू वायर चावून मरण्यापेक्षा तासभर पिंजऱ्यात बसलेले बरे. शस्त्रक्रियेनंतर उड्या मारू नयेत म्हणून, गाडीच्या प्रवासात, घरात गॅसचे किंवा रंगाचे काम चालू असताना त्याचा उपयोग होतो. ज्या कुत्र्याला पिंजऱ्याची सवय आहे, तो दवाखान्यात किंवा आपत्तीत हलवताना कमी घाबरतो. नियम ठरलेले आहेत : आत त्याला ताठ उभे राहता यावे, वळता यावे, पाय पसरून झोपता यावे. विमान कंपन्याही पेटी स्वीकारताना हेच पाहतात.

तोटेही तितकेच खरे. पिल्लाला लघवी फार वेळ धरवत नाही. जितक्या महिन्यांचे पिल्लू तितके तास, असा प्रशिक्षकांचा ढोबळ हिशेब आहे आणि तीदेखील कमाल मर्यादा. नऊ-दहा तास कोंडलेले पिल्लू नाइलाजाने आतच घाण करते आणि शिस्तीचा मूळ हेतूच उलटतो. एकटेपणाला घाबरणारा कुत्रा तारा चावून दात आणि नखे मोडून घेतो. कुत्रा उष्णता बाहेर टाकतो ती मुख्यतः धापा टाकून. आपल्या उन्हाळ्यात गॅलरीत ठेवलेला पिंजरा म्हणजे भट्टी. आणि शिक्षा म्हणून एकदा जरी आत ढकलला, तरी आडोसा म्हणून त्या जागेवरचा त्याचा विश्वास उडतो.

कायदेही या दोन टोकांमध्ये उभे आहेत. स्वीडनमध्ये घरी कुत्र्याला बंद पिंजऱ्यात ठेवायलाच मनाई आहे. प्रवास, प्रदर्शन अशा प्रसंगांपुरती सूट. आपल्या देशात १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे. त्याच्या अकराव्या कलमात हालचाल करता येणार नाही असा पिंजरा, अवाजवी आखूड किंवा जड साखळी आणि सतत बांधलेल्या वा कोंडलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणे, हे तिन्ही गुन्हे मोडतात. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र दहा ते पन्नास रुपये. १९६० साली पन्नास रुपये ही रक्कम होती. आज त्यात कुत्र्याचा पट्टाही येत नाही.

पुतण्याला मी दुसऱ्यांदा फोन केला आणि पहिले उत्तर मागे घेतले. पिंजरा घे म्हटले, पण आधी दुपारी घरी कोण येणार ते ठरव. तीन महिन्यांच्या पिल्लाला तीन तासांच्या पुढे नाही. दार उघडे ठेवून आत खाऊ द्यायचा आणि स्वतः शेजारी बसायचे, कडी त्यानंतर. दोघांनी कार्यालयाच्या वेळा पुढे-मागे केल्या आणि मधल्या वेळेला समोरच्या निवृत्त बाई येऊ लागल्या. सहा महिन्यांनी कडी लावायची गरज संपली.

या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फटाक्यांचा आवाज सुरू झाला की ते कुत्रे काय करील, याचा अंदाज गणपतीतच आला. विसर्जनाच्या ताशांनी घाबरून ते आपणहून पिंजऱ्यात जाऊन बसले होते. दार उघडेच होते. वहिनींनी वरून जुनी गोधडी टाकली आणि मिरवणूक पुढे जाईपर्यंत त्याच्या तोंडाशी पाट घेऊन बसून राहिल्या. त्या अजूनही त्याला खुराडेच म्हणतात.